नसीमनं परत लावलेल्या टिकल्या

नसीम,

तुझ्याबद्दल चांगलंच लिहायचं असं ठरवून बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल तसंच लिहितात. तू किती प्रेमळ होतीस, तुझ्या हाताला किती चव होती (नव्हती), तू कधी कुणाचं मन दुखवलं नाहीस (रोज सकाळी, चहाच्या आधी). पण तुझा चाळिसावा दिवस व्हायच्या आतच मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून लेखणीतून प्रेमळपणा काही केल्या उतरत नाही.

तू खोटारडी होतीस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्या सुनेला, रुबीनाला, धरून तुमच्या आतल्या खोलीत बसले होते. पुरुष तुला घेऊन निघाले, आम्ही बाया रिवाजाप्रमाणे घरातच राहिलो. मी इतकी रडले की तुझ्या नात्यातल्या एका म्हातारीनं मला पाणी देता देता विचारलं, "सगी बहन थी क्या?" मी म्हटलं, "उससे भी जादा." आता वाटतं, ते रडणं परत मागून घ्यावं. सगळं नाही, अर्धं तरी.

काय झालं ते वाचणाऱ्यांना कळायचं तर आपलं काम त्यांना सांगायला हवं. मेहकरात तर ते कुणालाच धड कळलं नाही. संगणक दिसला म्हणून शेजारच्या बाया आपल्याकडे सातबारा काढायला यायच्या, आणि तू "हाव, कागद ठेवून जाय" म्हणायचीस. दोन परिच्छेद मी लोकांशी बोलते. तोवर तू गप्प बस. जमेल का?

तर मंडळी, कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू उघडली की आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा आणि मुंगीएवढे भाग. त्या रेघांतून संदेश धावतो. सावकाश धावत होता तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. हल्ली तो इतक्या वेगानं धावतो की वाटेत एखाद्या भागापाशी जरा ठेच लागली की थोडा मागे उसळतो, आणि पुढे पोचतो तो फाटका पोचतो. म्हणून बोर्ड बनवायच्या आधीच संगणकावर तो खोटाखोटा चालवून बघतात. त्याला सिम्युलेशन म्हणायचं. पण संगणकाला काय माहीत कुठला भाग कसा वागतो? ते आपण सांगायचं. प्रत्येक भागाचं वागणं आकड्यांत लिहून द्यायचं. त्याला मॉडेल म्हणायचं.

पुण्याची एक छोटी कंपनी डाळ निवडायच्या यंत्राचे बोर्ड बनवते. त्या यंत्रातला कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि काळा दाणा फुंकर मारून उडवला जातो. त्यांच्यासाठी आम्ही दोन आज्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसून ही मॉडेलं करत होतो. सुटे भाग मी करायची. ते सगळे एकत्र जोडून, बोर्ड चालवून बघून, पुण्याला पाठवायचं काम नसीमचं. ही वाटणी ध्यानात ठेवा. घात तिथेच झाला.

झालं. आता तुझ्याशी.

हे काम मी तुझ्याकडून शिकले हे मी नाकारत नाही. डिप्लोमा दोघींचा सोबतच झाला, नोकरी पुण्यात सोबतच लागली, खोलीही एकच. त्या वयातली मी आठवली की मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. बाईसाहेबांनी ठरवलं होतं की पुण्यात आपली बोली कुणाला कळू द्यायची नाही. मोरीत आंघोळ करताना मी हळू आवाजात घोकत असे, "मला, तुला, त्याला. मला, तुला, त्याला." एकदा दाराबाहेरून तू सुरात उत्तर दिलंस, "मले, तुले, त्याले!" मी तशीच ओल्या केसांनी बाहेर येऊन तुझ्यावर ओरडले, आणि ओरडले ती अस्सल वऱ्हाडीत. तू पोट धरून हसलीस. तू स्वतः साहेबांसमोरही खुशाल "मले वाटते हे चुकून राह्यलं" असं म्हणायचीस, आणि चुकलेलंच असायचं.

पहिलं सिम्युलेशन मी चालवलं तेव्हाची गोष्ट तर मी माझ्या नातीलाही सांगितलेली नाही, तिला आजीबद्दल थोडा आदर उरावा म्हणून. पुस्तकात कपॅसिटर नावाचा भाग म्हणजे दोन उभ्या रेघा. मी तशाच घातल्या. रोध घातला तो निव्वळ रोध, दुसरं काही नाही. चित्र असं देखणं आलं की मी ते छापून माझ्या टेबलामागे चिकटवलं. साहेब बघतील अशा उंचीवर. तू येऊन, कमरेवर हात ठेवून बघितलंस.

"पमे, ह्या बोर्डावर पार्ट कुठी आहेत?"

"हे काय, दिसत नाही का?"

"हे पार्ट नाहीत बे. निरे देव बसवले तू. एकात बी खोट नाही."

'बे' म्हणायचीस तू मला, पोरं एकमेकांना म्हणतात तसं. मग दुपारभर बसून मला दाखवलंस की खऱ्या कपॅसिटरमध्ये थोडा रोधही असतो, थोडा कॉइलचा स्वभावही असतो, आणि त्याला बोर्डावर बसवायला ज्या दोन तांब्याच्या चौकोनी जागा लागतात, ज्यांना सगळे पॅड म्हणतात, त्यांचासुद्धा संदेशाला अडथळा होतो. त्या जागा बघून मी म्हटलं, टिकल्यांसारख्या दिसतात. तेव्हापासून आपल्या दोघींत त्या टिकल्याच. "ज्याची खोट मॉडेलात नाही," तू म्हणालीस, "त्याच्यावर भरोसा करू नको." हे तुझे शब्द. सांभाळून ठेवलेत मी. आता तुझ्याच अंगावर फेकायला उपयोगी पडत आहेत.

निवृत्त होऊन दोघी मेहकरला परत आलो, ती वर्षं सगळ्यात चांगली होती. आपली पद्धत कुणाला सांगितली तर हसतील. रन, म्हणजे सिम्युलेशन, सुरू झाला की पडद्याकडे बघायचं नाही. बघितलं की तो जास्त वेळ घेतो, असं तुझं शास्त्र. मग मेथी निवडायची. साधा रन म्हणजे एक जुडी, मोठा बोर्ड असला तर दोन जुड्या आणि वर थोडे वाटाणे. माझी सून म्हणायची, "आई, बोर्ड थोडे कमी करा, घरात भाजी फार होतेय." वीज गेली तर इन्व्हर्टर ओरडायचा, तू त्याच्यावर ओरडायचीस, आणि काम चालू राहायचं.

आणि भांडण. तेही चालू राहायचं.

भांडण टिकल्यांचं होतं. कपॅसिटर बनवणारे तो स्वतःच्या चाचणीच्या बोर्डावर बसवून मोजतात आणि ते आकडे आपल्याला देतात. म्हणजे त्या आकड्यांत त्यांच्या टिकल्या धरलेल्याच असतात. पुण्याहून जो बोर्डाचा नकाशा येतो त्यातही टिकल्या असतातच. दोन्ही तसंच जोडलं की टिकल्या दोनदा मोजल्या जातात, संदेशाची उसळी आहे त्याहून मोठी दिसते. मग पुण्याची पोरं घाबरून, उसळी कमी व्हावी म्हणून, कपॅसिटरच्या खालचं तांबं मोठं कापायची, त्या खड्ड्याला वळसा घालून दुसऱ्या रेघा न्यायची, आणि बोर्ड हकनाक वाढायचा. माझं म्हणणं एवढंच, की मॉडेलातून त्यांच्या टिकल्या वजा करा.

"दोनदा मोजल्यानं कोणतं आभाळ कोसळून राह्यलं?" तू म्हणायचीस.

"एका कपाळावर दोन टिकल्या लावते का कोणी?"

"मी तं एक बी लावत नाही. मले काय इचारतं?"

"वरणात सासूनंही मीठ टाकलं, सुनेनंही टाकलं, तं काय होते?"

"खारं होते. खारं वरण लोक पाणी पिऊन खातात. अळणी असलं का ताट सारून उठतात."

"नावं तं दोघीलेही ठेवतात!"

"खाऊन ठेवतात ना. पोट तं भरते."

असं किती वर्षं चाललं. आणि मग, संक्रांतीच्या आसपास, हातातली मेथीची काडी खाली ठेवून तू अचानक म्हणालीस, "जाय पमे. तुह्यं खरं."

मला ऐकूच आलं नाही आधी. आयुष्यात तू मला हे कधी म्हणाली नव्हतीस. भाजीच्या भावाबद्दलही नाही.

"पुन्हा म्हण."

"तुह्यं खरं."

"जोरात म्हण. खाली सुनेले ऐकू गेलं पाहिजे."

"तुह्यं खरं, व माय! आता काय भोंगा लावू?"

त्या दिवशी मी नाचायचीच बाकी राहिले होते. तिळगुळाचा अख्खा डबा तुझ्यासोबत तुमच्या घरी पाठवला. आज ती साठी ओलांडलेली बाई, जिन्यावरून खाली ओरडून सुनेला निकाल सांगणारी, मला त्या मोरीतल्या पोरीपेक्षाही जास्त मूर्ख दिसते. ती पोर निदान वीस वर्षांची होती.

तेव्हापासून मी प्रत्येक कपॅसिटरच्या टिकल्या वजा करून, स्वच्छ मॉडेल तुझ्या हवाली करत होते. तू ती जोडायचीस आणि पाठवायचीस. बोर्ड बनायचे, चालायचे. चालणाऱ्या बोर्डाला कोण मोजून बघतं? मी आपली खूश.

तू गेल्यावर अर्धं राहिलेलं काम मी एकटीनं पूर्ण केलं. बोर्डही मीच जोडला, पुण्यालाही मीच पाठवला. दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन. तिथली इंजिनियर, आपल्या मुलांहूनही लहान. आधी तुझ्याबद्दल बोलली, रडली बिचारी. मग चाचरत म्हणाली, "काकू, एक विचारू? यावेळी कपॅसिटरपाशी उसळी फारच कमी दिसतेय. नसीमकाकू शेवटी पॅड परत टाकायच्या, ते तुमच्याकडून राहिलं का?"

"परत टाकायच्या म्हणजे?"

"काकू... तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं, नसीम. मला माहीत नव्हतं. पुण्यातल्या त्या पोरीला माहीत होतं, तिच्या साहेबांना माहीत होतं, मला नव्हतं. मी दिलेल्या प्रत्येक मॉडेलवर तू टिकल्या परत लावत होतीस. माझ्याच खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर बसून, मी मेथी निवडत असताना.

मी केतकीला खोदून विचारलं तेव्हा तिनं तुझे शब्द सांगितले. पुण्याची पोरगी, पण तुझी नक्कल बरी करते. "पमीले सांगू नको. तिचं बरोबर बी असन. पण उद्या एखादा बोर्ड दुसऱ्याच कशानं बंद पडला, तरी पमी सोताले खात बसन. मी ओळखतो तिले."

मला सांभाळून घेत होतीस तर. लहान पोराला खेळात मुद्दाम जिंकू द्यावं तसं.

मी चप्पल घालून तडक तुमच्या घरी आले. कुणाशी भांडायला, ते मला ठाऊक नव्हतं. घरात रुबीनाच होती, तांदूळ निवडत. तिला सगळं सांगितलं. तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती.

"खाला, तुम्हाला आता कळलं? अम्मी त्या दिवशी तिळगुळाचा डबा घेऊन आल्या ना, तेव्हाच बोलल्या होत्या. 'आज पमी को जिता के आई. अब घर में शांती.'"

"आणि तो डबा?"

"आम्ही सगळ्यांनी खाल्ला की. तुमच्या जीतचा म्हणून."

घरादारानं माझ्या विजयाचा तिळगुळ खाल्ला, नसीम. आणि ज्याला त्याला ठाऊक होतं तो विजय कसला आहे ते. मग रुबीना खरंच रडायला लागली, आणि मला तिला जवळ घ्यावं लागलं. म्हणजे तिथेही मला नीट चिडू दिलं नाहीस तू.

केतकीनं विचारलं होतं, आता काय करायचं, जुन्यासारखे पॅड टाकून पुन्हा पाठवता का. मी म्हटलं, "नाही. माझं जसं आहे तसं घ्या. तांबं कमी कापा. आणि यावेळी चालतो की नाही एवढंच बघू नका, नीट मोजून सांगा." माझा आवाज फार करारी होता म्हणे. फोन ठेवल्यावर मग मी हिशेब केला. पुण्याच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं, यंत्र पहिल्यांदाच घेत होतं. बोर्ड बंद पडला असता तर पुण्याचं काम थांबलं असतं, आणि मग त्या वरच्या खोलीत जायला मला कारणच उरलं नसतं. तुझी खुर्ची आहे तिथे. काम असलं की मी तिच्याकडे पाठ करून बसू शकते.

बोर्ड बनून येईपर्यंत मी काय केलं, ते तुला सांगायला नको. तू आधीच सांगून ठेवलं होतंस. खाल्लं स्वतःला. दूध उतू घालवलं, कुकरला पाणी न घालता गॅसवर चढवलं, नातीला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. जोडणीतलं काही चुकलं असेल, रेघांच्या मापातच घोळ असेल, म्हणजे ज्याच्याशी माझ्या टिकल्यांचा काही संबंध नाही अशा शंभर गोष्टी, आणि प्रत्येकीसाठी मी स्वतःलाच धरत होते. तू म्हणाली होतीस अगदी तसंच. याचाच जास्त राग येतो. खोटं बोललीस ते एक वेळ सोडेन. पण मला इतकं नेमकं ओळखत होतीस, आणि ते मला न सांगता केतकीला सांगितलंस! मला सांगितलं असतंस, "पमे, तू सोताले खातं, म्हणून मी टिकल्या ठेवतो," तर मी काय केलं असतं? भांडले असते. आठवडाभर बोलले नसते. मग बोलले असते. आपल्याला काय नवीन होतं ते?

परवा केतकीचा फोन आला.

"काकू, चालला! मस्त चालतोय. एक दाणा चुकला नाही."

मी देवाचं नाव घेतलं. तुझ्या आणि माझ्या, दोघींच्या देवाचं. मग मान ताठ करून विचारलं, "आणि मोजमाप? माझ्या आकड्यावर आलं ना?"

"तीच तर गंमत आहे. तुमच्या आकड्यावर नाही आलं. नसीमकाकूंच्याही नाही. तुमच्या दोघींच्या मध्ये आलंय."

"बरोबर मध्ये?"

"तुमच्याकडे थोडं जास्त. पण मध्येच."

कळलं तुला? दोघी चुकलो. कारखान्याच्या बोर्डावरच्या टिकल्या आणि आपल्या टिकल्या एका मापाच्या नाहीत. त्यांच्या काढताना मी कपॅसिटरचंही थोडं काहीतरी खरवडून काढत होते, आणि तू त्या परत लावताना नको तेवढं लावत होतीस. खरं काय, किती काढायचं, किती ठेवायचं, हे आपल्याला कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण मीठ आहे की नाही यावर भांडलो, आणि चमचा किती मोठा ते कुणी बघितलंच नाही.

इथे मात्र मी तुला माफ करणार नाही. त्या संक्रांतीला तू "तुह्यं खरं" म्हणाली नसतीस तर भांडण पुढे गेलं असतं. मी चिडून एखादा बोर्ड मोजायला लावला असता. तू चिडून दुसरा लावला असतास. हे मधलं उत्तर आपल्या दोघींना दोन वर्षांपूर्वीच मिळालं असतं, आणि तू ते बघून "हात्तीच्या!" म्हणाली असतीस, आणि पुढचं भांडण त्याच संध्याकाळी सुरू झालं असतं. आपलं सगळ्यात चांगलं भांडण. खरं, दोघींनाही उत्तर ठाऊक नसलेलं. ते तू मला खूश करण्यापायी घालवलंस. मी कुठे मागितली होती खुशी?

जिंकवलंस त्याबद्दल आभार मानावेत असंही कधी कधी वाटतं. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. दोन वर्षं रोज तेवढं जास्तीचं काम, गुपचूप, आणि चेहऱ्यावर काही नाही. सुखात होते मी त्या दोन वर्षांत. ते सुख खोटं होतं हे आता कळलं, तरी तेव्हा ते मला लागलं होतं खरं. याचं काय करायचं ते मला उमजत नाही. तुलाच विचारलं असतं.

केतकी फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "मग काकू, पुढच्या बोर्डाला काय करायचं? पॅड ठेवायचे, काढायचे, की आणखी काही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन दिवस दे. भांडून सांगते."

"बरं काकू," ती म्हणाली. कुणाशी, असं तिनं विचारलं नाही.

ते दोन दिवस आज संपले. मी तिच्याकडून आणखी दोन मागून घेतले आहेत.

तुझी,
पमी